मनगटातला कोन

स्वस्त हत्याराचं खोकं उघडलं की आधी वास येतो. मशीन ऑइलचा, दमट पुठ्ठ्याचा, आणि प्रत्येक भागाच्या मापाचा खळगा कापलेल्या त्या काळ्या स्पंजाचा. महागड्या वस्तूंचा वास कारखान्यातच पुसून पाठवत असावेत. नोएडातल्या आमच्या ओट्यावर सुऱ्यांना धार लावायचं यंत्र आलं ते असा वास घेऊन, दीड हजाराच्या आतबाहेर किमतीत. हे काय आहे, असं घरातल्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून सगळे आपापल्या खोलीत गेले.

आत होती एक जड पोलादी पट्टी, तिच्या बुडाला ओट्याला चिकटून बसणारं रबर. पट्टीच्या एका टोकाला उभा खांब. खांबावर वर-खाली सरकणारी, स्क्रूने आवळायची खुंटी आणि तिच्यात सगळीकडे फिरणारी एक भोकाची गोळी. त्या भोकातून जाणारी हातभर लांब दांडी. सुरी धरायला दोन चिमटे, एक ॲलन की, आणि बोटभर रुंदीचे चार दगड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चिकटवलेले. दगडांवर आकडे: 120, 320, 600, 1500. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. 320 चा दगड किंचित तिरका बसला होता आणि त्याच्या कडेने गोंद ओघळून वाळला होता. दांडीची मूठ प्लॅस्टिकची, साच्याची रेघ हाताला लागणारी. स्क्रू मात्र दणकट होते, आणि अशा वस्तूत मी आधी स्क्रूच बघते. खांबावर अंशांच्या खुणा छापल्या होत्या. त्या खऱ्या नव्हत्या, आणि खऱ्या असूही शकत नाहीत. त्याचं कारण पुढे सांगते.

सुरीला धार लावायची म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या कोनात घासायच्या. एवढंच. सगळी अडचण त्या ‘सारख्या’त आहे. हात पुढे गेला की मनगट नकळत उचललं जातं, मागे आला की झुकतं. दगडावर धार सपाट व्हायच्या जागी गोलसर होत जाते, आणि अर्धा तास घासून सुरी होती त्याहून बोथट होते. स्वयंपाकघरातल्या सुरीला एकेका बाजूने साधारण पंधरा ते वीस अंश लागतात. वीस अंश हवेत धरून दाखवा म्हटलं तर किती जणांना जमेल? या यंत्रात सुरी चिमट्यात अडकते, दगड दांडीला बसतो, दांडी खुंटीतून जाते, आणि कोन सांभाळायचं काम मनगटाकडून काढून घेतलं जातं. लॅन्स्की आणि एज प्रो ही या प्रकारातली जुनी अमेरिकी नावं. एकाकडे चिमटा होता, दुसऱ्याकडे खांबावरून फिरणारी दांडी. चिनी कारखान्यांनी दोघांचं लग्न लावून दिलं आणि वऱ्हाड आमच्या ओट्यापर्यंत आलं.

हे यंत्र मला घ्यावं लागलं ते सोसायटीच्या फाटकामुळे.

दिल्लीत लक्ष्मीनगरला राहत होतो तेव्हा गल्लीत सानवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसून तसंच पॅडल मारायचं, आणि पुढे बसवलेली दगडी चकती पट्ट्याने गरगरायची. ‘चाकू-छुरी, कैंची तेज करा लो’ ही हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ यायची. पाच मिनिटांत ठिणग्या उडवून तो सुरी परत द्यायचा. खरं सांगायचं तर त्याच्या हातून पातळ पात्यांचं नुकसानही होई. कोरडी चकती वेगाने फिरली की धारेचा अगदी टोकाचा धातू तापतो, त्याचं पाणी उतरतं, आणि अशी धार लवकर मरते. पण त्याच्या मनगटात कोन होता. डोळा पात्यावर, पाय पॅडलवर, तोंडाने मागच्या गल्लीतल्या कुणाशी तरी बोलणं चालू, आणि कोन जागच्या जागी.

नोएडातल्या उंच इमारतींच्या सोसायटीत आलो आणि ती हाक फाटकाबाहेरच राहिली. एकदा तो खाली दिसला म्हणून मी सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून धावत उतरले. रखवालदार मोबाइलवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीचं ॲप उघडून त्याच्याशी हुज्जत घालत होता. ‘किस फ्लॅट में जाना है, ये तो बताओ.’ सानवाला म्हणाला, ‘सब में.’ या उत्तराला ॲपमध्ये रकाना नव्हता. डिलिव्हरीला आहे, टॅक्सीला आहे, पाहुण्यांना, प्लंबरला, कुत्र्याच्या डॉक्टरलाही आहे. सगळ्यांकडे जाणाऱ्या माणसाला नाही. त्याच फाटकातून काही दिवसांनी हे यंत्र एका मिनिटात आत आलं, कारण त्याच्यावर फ्लॅटचा नंबर होता.

सुऱ्या घेऊन आपणच कुठे जावं म्हटलं तर मेट्रोच्या तपासणीत मोठी सुरी अडकते. दिल्लीत पात्याबद्दल एकूणच संशय फार. 1959 च्या शस्त्र कायद्याने घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं वगळली आहेत. तरी दिल्ली प्रशासनाची 1980 ची एक अधिसूचना आहे, 7.62 सेंटिमीटर लांबी आणि 1.72 सेंटिमीटर रुंदीच्या पुढच्या चाकूंबद्दल, आणि पोलिसी खटल्यांत ती आजही दिसते. पिशवीतली माझी कांदे चिरायची सुरी त्या मापात सहज मोठी ठरते. ती घरगुती आहे हे पटवून देण्यापुरती जवळ एखादी कोथिंबिरीची जुडी बाळगावी म्हणते.

सुऱ्या-तलवारींचा आणि या मातीचा संबंध मात्र जुना आहे, आणि त्यात आपली माणसं आहेत. नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत एक दगडी स्मारक उभं आहे. 11 सप्टेंबर 1803 ला या यमुनाकाठी शिंद्यांची फौज लुई बुर्कँ या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली जनरल लेकच्या फौजेशी लढली आणि हरली. पटपडगंजची लढाई ती. दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या छावणीत बैल, बाजारबुणगे, नालबंद असणार तसे शिकलगारही असणारच. हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्या माणसांवाचून तेव्हा फौज चालत नसे. कुरुंदाची पूड लाखेत मळून बनवलेली त्यांची चाकं इथे कुठेतरी फिरली असतील. आता त्या जागी लोक चेंडू मारतात.

फौजा मोडल्या, संस्थानांच्या तलवारी भिंतीवर गेल्या, तेव्हा या हातांचं काय झालं? काहींच्या हाती विळ्या-कात्र्या आल्या. काहींचं जे झालं ते मला ठाऊक आहे, कारण मी मिरजेची.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथली घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांचं काम आटल्यावर एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली, आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही हकिकत सांगताना लोक बहुतेक वेळा तलवार सोडून सतार धरली अशा नाट्यमय थाटात सांगतात. मला त्यात नाट्य कमी आणि सातत्य जास्त दिसतं. त्या माणसांनी आपलं काम फारसं बदललंच नाही.

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा दिसायला सपाट असतो. तो सपाट नसतो. त्याला इतका बारीक उतार आणि बाक दिलेला असतो की तार त्यावर टेकता टेकता सुटते, सुटता सुटता टेकते, आणि त्यातून तंबोऱ्याची ती भरलेली आस निघते. तिला जवारी म्हणतात. वाजवून वाजवून घोडीवर तारांचे चरे पडतात, आवाज बसतो, मग कारागीर कानस आणि घासकागद घेऊन बसतो आणि माथा पुन्हा घासतो. दोन-चार हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. एक हात जास्त पडला तर आवाज झणझणतो, कमी पडला तर मुका राहतो. म्हणजे काय तर एका कठीण पृष्ठावर ठरावीक कोनात घर्षण, आणि कुठे थांबायचं याची जाण. तलवारीला हेच लागत होतं. फक्त परीक्षा रक्ताऐवजी कानाने व्हायला लागली. लहानपणी त्या गल्लीतून शाळेला जाताना उघड्या दारांतून कानशीचा आवाज आणि मधूनच षड्ज ऐकू येई. आमच्या दारी धार लावायला येणारा शिकलगार वेगळा, त्याच्या खांद्यावर लाकडी घोडा असायचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं.

ओट्यावरच्या यंत्रापाशी परत येते.

माहितीपत्रकात चार चित्रं होती आणि ती एकमेकांशी सहमत नव्हती. खांबावरच्या खुणा खोट्या का, तर खुंटीपासून धार किती लांब आहे यावर कोन ठरतो. रुंद सुरी लावली की धार लांब जाते आणि त्याच खुणेवर कोन कमी होतो. कारखान्याने कुठल्या तरी एका मापाची सुरी मनात धरून खुणा छापल्या आहेत, ती सुरी आपल्या घरात नाही. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप उघडून फोन आधी पात्यावर ठेवायचा, शून्य करायचं, मग दगडावर ठेवायचा. मी अठरा अंश धरले.

टोकाकडे दांडी तिरपी जाते, मग तिथे कोन बदलत नसेल का, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि कागदावर आकृती काढल्यावर नववीची भूमिती भेटली. एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू यांतून एकच प्रतल जातं. धार ही रेषा, खुंटी हा बिंदू. दगड त्या प्रतलातच सरकतो, म्हणून धार सरळ आहे तोवर मुठीपासून पुढपर्यंत कोन तोच राहतो. धार जिथे पोटाशी वळते तिथे ती प्रतल सोडते आणि कोन हलतो; मग सुरी चिमट्यात थोडी पुढे-मागे सरकवून तो सावरावा लागतो. बालभारतीच्या पुस्तकातलं एखादं विधान इतक्या वर्षांनी स्वयंपाकघरात उपयोगी पडावं, याचा मला सुरीच्या धारेपेक्षा जास्त आनंद झाला.

पहिली सुरी मुद्दाम साध्या पोलादाची घेतली, मिरजेच्या बाजारातली, लाकडी मुठीची, काळी पडलेली. धारेवर मार्करने रेघ ओढली. दगड फिरवल्यावर शाई वरवर गेली आणि अगदी कडेला राहिली, म्हणजे जुना कोन माझ्या कोनाहून बोजड होता. 120 च्या दगडावर पाणी टाकून घासत राहिले. या दगडाचा आवाज करकरीत, जरा अंगावर येणारा. थोड्या वेळाने पाण्यात करडा चिखल धरू लागला, आणि मग आवाज बदलला. करकर कमी होऊन सलग, दाट असा एकच सूर निघायला लागला. दगड आता टेकाडांवरून उड्या मारत नव्हता, सगळ्या अंगाने टेकला होता. अंगठा धारेच्या दुसऱ्या बाजूने आडवा फिरवला, तर धातूची बारीक लव वळून आलेली हाताला लागली. ती सबंध लांबीभर लागली की त्या बाजूचं काम झालं. सुरी उलटायची आणि तिकडे तेच. मग 320, 600, 1500. दर दगडाला दाब कमी, लव बारीक, आवाज अस्पष्ट. शेवटी तर ओट्यावर फ्रिजच तेवढा ऐकू येत होता.

यंत्र कोन सांभाळतं. थांबायचं कधी, हे सांगत नाही. ते लव सांगते, आवाज सांगतो, शाई सांगते, आणि या तिन्हींकडे लक्ष असलेला माणूस समोर लागतो. विकणारे मात्र खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र छापून ‘कौशल्याची गरज नाही’ अशा अर्थाचं लिहितात. मनगट यंत्राला दिलं, कान आणि अंगठा आपल्याकडेच राहिले. सतारमेकरांच्या कामाशी याची तुलना करणं आगाऊपणाचं होईल, पण त्यांना काय ऐकू येत असावं याचा पुसटसा अंदाज मला पहिल्यांदा आला तो या दीड हजारी दांडीने.

दोष आहेत. गोळीत जरा खेळ आहे, त्यामुळे एकदोन अंशांचा फरक पडतच असणार. 120 चा दगड भुसभुशीत आहे आणि मधे खोलगट होईलसं दिसतं. दांडीला अडवणारं काही नसल्याने टोकाशी दगड घसरून पात्याच्या पोटावर ओरखडा उमटवतो. तिथे दांडीवर एक रबरी कडी चढवली की भागतं. चिमट्याचा रंग पहिल्याच वापरात उडाला. आणि पसारा इतका मांडावा लागतो की एका सुरीसाठी हे कुणी काढणार नाही, चार साचल्यावरच काढावं.

परीक्षा काकडीवर घेतली. खमंग काकडीसाठी काकडी किसत नाहीत, चोचवतात. ती डाव्या तळहातावर उभी धरायची, सुरीने भराभर उभे-आडवे घाव घालायचे, मग वरचा थर तासून ताटात पाडायचा. बोथट सुरी इथे काकडीला चेचते, पाणी सुटतं आणि कोशिंबिरीची भाजी होते. या सुरीचे घाव खोल गेले, काप वेगळे पडले, दाण्याचं कूट घालेपर्यंत ताट कोरडं होतं. कांद्याचंही तसंच. 2025 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेरे लावून दाखवलं की बोथट पात्याखाली कांद्याची साल आधी दबते आणि मग फुटताना रसाचे थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात. आई हेच एका वाक्यात सांगायची, ‘रडायचं नसेल तर विळीला धार लाव.’

आणि ती विळी कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. लाकडी पाटाची, वर खवणी असलेली, आईने दिलेली. तिचं पातं पाटात ठोकलेलं, पोट आत वळलेलं. चिमट्यात ती मावत नाही, आणि मावली तरी आतल्या बाकाला सपाट दगड टेकत नाही. सुरी हातात फिरते आणि भाजी जागेवर राहते, या गृहीतावर ते यंत्र बनवलं आहे. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी फिरते. दक्षिण दिल्लीतल्या चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारात बंगाली मासेवाले ‘बोटी’ नावाच्या उभ्या पात्यावर रोहूचे तुकडे करतात, ती आपल्या विळीची सख्खी बहीण. तिलाही हे यंत्र निरुपयोगी आहे. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या या दोन पात्यांचा विचार करणारा कारखाना मला अजून दिसलेला नाही. त्यांना हवा हातातला छोटा दगड, कानस, नाहीतर सानवाल्याची फिरती गोल चकती, जिची कड आतल्या बाकात नीट बसते.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं मत असं. घरात सुऱ्याच असतील, आणि ओट्यावर अर्धा-पाऊण तास शांत बसायची तयारी असेल, तर हे यंत्र घ्या. पैसे वसूल होतात. मार्कर आणि फोन जवळ ठेवा, खांबावरच्या खुणांकडे बघू नका. घरात विळी असेल तर सानवाल्याला पर्याय नाही. त्याला महिन्यातून एका रविवारी ‘सब में’ या पत्त्यावर आत सोडावं, असा ठराव मी सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला एक माणूस कमी पडतो आहे. आमच्या टॉवरमध्ये कुणाकडे विळी असेल तर कृपया कळवावं.